तापल्या मोटारीचा रुसवा

वाई मागे पडली की पसरणीचा घाट सुरू होतो. सुमारे बारा किलोमीटरांच्या वळणावळणाच्या रस्त्याने मोटार पाचशे मीटरांहून अधिक उंची चढून पाचगणीला पोहोचते. जुन्या फियाटमधून किंवा अँबॅसडरमधून हा घाट ज्यांनी चढला आहे, त्यांना पुढला प्रसंग सांगावयास नको. मोटार सारा घाट बिनतक्रार चढते. वर आल्यावर मंडळी पाय मोकळे करावयास उतरतात. चहा होतो, मुलांच्या हाती स्ट्रॉबेरीची टोपली येते, पंधरावीस मिनिटांनी सारे पुन्हा आत दाटीवाटीने बसतात, आणि मोटार काही केल्या सुरू होत नाही. सेल्फ गरगर फिरतो, बॅटरी हळूहळू मान टाकू लागते, मागच्या बाकावरून सूचनांचा वर्षाव होतो. शेवटी कोणी वडीलधारे म्हणतात, "दमली आहे बिचारी, जरा विसावू द्या." अर्ध्या तासाने किल्ली फिरवताच मोटार जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते!

वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरते, परंतु कोडे सुटत नाही. मोटार दमली असेल तर ती चढावर का थांबली नाही? विसावा घेतल्यानंतर ती का रुसली? आणि आणखी विसावा दिल्यावर तिचा रुसवा का गेला? या तीन प्रश्नांमागे मोटारीचा सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. सातारा-सांगलीच्या घाटांनी आणि उन्हाळ्याने तो इतिहास इथल्या मिस्त्र्यांकडून चांगला घटवून घेतला. दिवाळीच्या निवांतपणी तो उलगडून पाहण्यासारखा आहे.

आरंभ करावयाचा तो एका गृहिणीपासून. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम या गावाहून बेर्था बेन्झ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. वाहन होते तिच्या नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेन्झने, बांधलेले तीन चाकांचे मोटारयान. नवऱ्याला तिने आधी कळवले नव्हते. सुमारे शंभर किलोमीटरांच्या या प्रवासात इंधन संपले, तेव्हा तिने वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याचा बंद काढून तिच्याभोवती गुंडाळला, असे सांगतात. पाण्याची तहान तर त्या यंत्राला पावलोपावली लागत होती.

या हकीकतीत गंमत आहे तशीच एक शिकवणही आहे. मोटार थांबली की बेर्थाबाईंनी दोनच गोष्टी तपासल्या: इंधन येते आहे का, आणि ठिणगी पडते आहे का. आज इतक्या वर्षांनंतरही पेट्रोलची जुनी मोटार अडली तर शहाणा मिस्त्री हेच दोन प्रश्न विचारतो. तिसरा प्रश्न पुढे वाढला तो 'सेल्फ'मुळे. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर बसवला आणि हँडल मारताना मनगट मोडून घेण्याची पाळी टळली. परंतु त्याबरोबर बॅटरी, जाड तारा आणि मोटारीच्या पोटातील आणखी एक विजेची मोटर असे तीन नवे संशयितही आले.

आपल्या भागात इंजिनाची ओळख मोटारीच्या आधी शेतीने करून दिली असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप तिथून बाहेर पडू लागले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी नांगरांचा आणि ऑइल इंजिनांचा कारखाना चालवला. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला त्या काळी तसे म्हणत. कृष्णा-वारणेच्या काठी विहिरींवर आणि नदीवर इंजिनांचा ठकठकाट सुरू झाला. इंजिन बंद पडले तर उसाला पाणी नाही, म्हणून ते दुरुस्त करणारा फिटर गावागावांत मान मिळवून बसला. ऑइल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो आणि कार्बुरेटरही नसतो. परंतु इंधन येते का, हवा मिळते का, दाब धरतो का, हे क्रमाने पाहण्याची शिस्त तेच इंजिन शिकवते. ही शिस्त हातात असलेल्या माणसाला मोटारीचे गॅरेज अवघड जात नसे.

मोटारी इकडे आल्या त्या आधी संस्थानिकांच्या. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थाने या टापूत खेटून होती. सामान्य गृहस्थाच्या दारी मोटार आली ती स्वातंत्र्यानंतर. तिच्या मागे ज्या उद्योगपतीचे नाव आहे तेच नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये तिच्या पहिल्या मोटारी बाहेर पडल्या, आणि पुढे १९५० च्या दशकात तिथे फियाट तयार होऊ लागली. हीच फियाट कालांतराने 'पद्मिनी' झाली आणि शतक संपेपर्यंत विकली गेली. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची अँबॅसडर १९५७ च्या सुमारास सुरू झाली, ती थेट २०१४ मध्ये थांबली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा मोटार मिळे. म्हणून एकदा आलेली मोटार घरातल्या म्हशीसारखी पिढीजात सांभाळली जाई. तिच्या खोडी घरातल्या सर्वांना ठाऊक असत, आणि त्यांत पहिला मान तापल्यावर सुरू न होण्याच्या खोडीचा असे.

आता त्या खोडीचे मूळ पाहू. आरंभीच्या मोटारींत पेट्रोलची टाकी इंजिनापेक्षा उंच असे आणि पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरे. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटारीची टाकी पुढच्या बैठकीखाली होती. टाकीत पेट्रोल थोडे असले आणि चढ कडक असला तर ते इंजिनाकडे उतरेनासे होई. मग चालक मोटार उलटी फिरवून, मागल्या चाली, चढ चढवीत! पुढे टाकी मोटारीच्या मागील बाजूस खाली गेली. तेव्हा पेट्रोल वर ओढून आणण्यासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या बळावर चालणारा छोटा पंप आला. आपल्याकडे मिस्त्री त्याला 'एसी पंप' म्हणतात. त्याच्या पोटात एक लवचिक पडदा असतो. तो खालीवर होऊन पेट्रोल ओढतो आणि कार्बुरेटरकडे ढकलतो.

हा पंप बसतो तप्त इंजिनाच्या अंगाला चिकटून, आणि त्याचे काम ढकलण्यापेक्षा ओढण्याचे अधिक. येथेच घोटाळा आहे. पेट्रोल हा एक पदार्थ नाही, अनेक द्रवांचे ते मिश्रण आहे. त्यातील हलके घटक पस्तीस-चाळीस अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटकांना दोनशे अंशांच्या आसपास जावे लागते. त्यातून ओढणाऱ्या नळीत दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की उकळणे लवकर होते. पाचगणी-महाबळेश्वरची उंची त्यात भर घालते. महाबळेश्वरी, साडेतेराशे मीटरांवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे सातव्या हिश्श्याने कमी असतो. पाणीसुद्धा तिथे शंभराऐवजी पंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते, मग पेट्रोलची काय कथा! नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरली की पंपाचा पडदा वाफच दाबत बसतो आणि कार्बुरेटर उपाशी राहतो. आपले मिस्त्री याला सरसकट 'एअर लॉक' म्हणतात. पण आत अडकलेली असते ती हवा नसून पेट्रोलचीच वाफ असते.

तरीही पहिला प्रश्न उरतोच. चढावर असे का झाले नाही? कारण चालत्या मोटारीत पंखा फिरत असतो, पाणी खेळत असते आणि टाकीतले थंड पेट्रोल सतत येऊन पंपाला आणि कार्बुरेटरला गार करीत असते. मोटार थांबली की ही तिन्ही कामे एकदम थांबतात. लोखंडात साठलेली उष्णता मात्र कुठे जाणार? ती बॉनेटखाली पसरते. म्हणजे इंजिन बंद केल्यावर पहिली पंधरावीस मिनिटे पंप आणि कार्बुरेटर निवत नाहीत, उलट अधिक तापतात! आपण चहा पितो नेमकी तीच वेळ. विसावा थोडा झाला की रुसवा येतो आणि पुरता झाला की तो जातो, याचे उत्तर हे आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, "झाले तर! पंपावर ओले फडके टाकावे आणि निघावे." पुष्कळांनी तेच केले. अमेरिकेत तर पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालण्याचे लाकडी चिमटे ओळीने लावण्याची चाल होती. परंतु तापल्यावर सुरू न होणाऱ्या प्रत्येक मोटारीला वाफच बाधलेली असते असे नाही. एकाच लक्षणाची चार-पाच दुखणी आहेत, आणि इथूनच खऱ्या निदानाला प्रारंभ होतो.

पहिली परीक्षा कानाची. किल्ली फिरवल्यावर सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो का? तो कण्हत फिरत असेल किंवा नुसताच 'टक्' करून थांबत असेल तर पेट्रोलचा विचारही करू नये. तांब्याची तार साठ अंशांनी तापली की तिचा विरोध जवळजवळ पावपटीने वाढतो. गंजलेले बॅटरीचे टर्मिनल, सैल पडलेली अर्थची तार, झिजलेले सेल्फचे बुश हे गारव्यात निभावून नेतात आणि उष्णतेत उघडे पडतात.

सेल्फ जोमाने फिरतो आहे असे ठरले की दुसरी परीक्षा डोळ्यांची. एका प्लगची तार काढून ठिणगी पाहावी. अर्थात जवळपास उघडे पेट्रोल नाही याची खात्री करून. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर त्या बाजूला दोष नाही. पिवळी, अशक्त ठिणगी पडली किंवा पडलीच नाही, तर संशय कॉइलवर आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरवर जातो. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तापून तार प्रसरण पावली की एखादा तुटका सांधा सुटतो किंवा जीर्ण वेष्टनातून वीज वाट चुकते. निवाले की सांधा पुन्हा जुळतो. कंडेन्सरचेही तसेच. मोटारीचे वागणे वरून अगदी वाफ धरल्यासारखे दिसते, आणि पंपावर कितीही पाणी ओतले तरी उपयोग होत नाही.

ठिणगी चांगली असेल तर तिसरी परीक्षा नाकाची. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, म्हणजे वाफेचा संशय बळावला. तो ओला असून पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर रोग अगदी उलट आहे. कार्बुरेटरच्या कुंडीतले पेट्रोल तापून उकळले, आपोआप खाली सांडले, आणि इंजिनाला अजीर्ण झाले! अशा वेळी घाबरून पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर मारणारा चालक आणखी पेट्रोल आत सोडतो. चोक अडकलेला नाही ना हे पाहावे, ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरावा, आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आत जाऊन अजीर्ण ओसरते. उपाशी माणसाला आणि अति जेवलेल्या माणसाला एकच औषध चालत नाही.

यांतले काहीच नसेल तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरण्याचे त्याचे बारीक छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात पोकळी होऊन पेट्रोल ओढले जात नाही. झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज होतो. शेवटी उरतात व्हॉल्व्ह. टॅपेट फार घट्ट बसवलेले असले तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरते मिटत नाहीत आणि दाब निसटतो. जुन्या मोटारीला हँडल असेल तर ते हाताने फिरवतानाच तो ढिलेपणा कळतो.

या साऱ्या तपासातली खरी अडचण अशी की गुन्हेगार पुरावा मागे ठेवत नाही. मिस्त्री सायकलवर पिशवी अडकवून येईपर्यंत इंजिन निवालेले असते, आणि मोटार पहिल्याच फेऱ्यात सुरू होते. मालक खजील होतो, मिस्त्री हसून चहा पितो, आणि दोष तसाच राहतो. म्हणून तपास गरमागरमच करावा लागतो. दुसरी अडचण आपल्या घाईची. पंपावर ओले फडके टाकले, त्याच वेळी कॉइलवर पाणी मारले, झाकण उघडून पाहिले, आणि मोटार सुरू झाली. मंडळी खूश झाली, परंतु ज्ञान शून्य! कशाने सुरू झाली हे कळलेच नाही, म्हणजे पुढच्या घाटात पुन्हा तेच. एका वेळी एकच गोष्ट करावी, फरक पडला का ते पाहावे, नाही पडला तर दुसरीकडे वळावे. फडके आधी पंपावर टाकावे, पाच मिनिटे थांबावे. सुरू झाली तर वाफ, नाही तर मग कॉइल. जुन्या गॅरेजांतून हे शास्त्र पुस्तकाशिवाय शिकवले गेले. उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून देणारा पोरगा ते नुसते पाहून शिके.

सावधगिरीचे दोन शब्द इथेच सांगितले पाहिजेत. ओले फडके पंपासाठी आणि कॉइलसाठी आहे. तापलेल्या इंजिनाच्या ओतीव लोखंडावर गार पाणी ओतू नये, त्याला तडा जातो. आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. झाकणाखालचे पाणी दाबामुळे न उकळता राहिलेले असते. झाकण सैल होताच ते उसळून वर येते आणि हातातोंडावर भाजते. घाटात कडेला थांबून रेडिएटरात पाणी भरणे हा एके काळी नित्याचा विधी होता, पण जाणता क्लीनर आधी बराच वेळ स्वस्थ बसून राही.

मोटारींच्या कारखान्यांनी या दुखण्यावर अखेर उपाय काढला, तो पंपाची जागा बदलून. टाकीतच बुडवलेला पंप पेट्रोलला ओढत नाही, मागून दाबाने ढकलतो. आणि दाबाखालचे पेट्रोल सहजी उकळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंच उडणाऱ्या विमानांनी हा मार्ग आधी चोखाळला होता. पुढे कार्बुरेटर जाऊन इंजेक्शन आले, पॉइंट आणि कंडेन्सर जाऊन इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली. आपल्याकडे २००० सालाच्या आगेमागे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींतून हे सारे जुने सामान हद्दपार झाले. आजची मोटार पाचगणीला चहा होताच मुकाट्याने निघते. पसरणीच्या घाटाने गेलेल्या नव्या पिढीला हा रुसवा ऐकूनही ठाऊक नसेल.

तथापि हा इतिहास संपला असे मात्र नाही, आणि त्याला कारण आपलाच ऊस. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर रुळले. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे, परदेशी तेलाची बचत आहे. परंतु घरात जपलेल्या पद्मिनीच्या पंपातला जुना रबरी पडदा आणि नळ्या या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. इथेनॉल पेट्रोलच्या हलक्या घटकांशी मिसळले की वाफ होण्याची ओढही वाढू शकते. ते पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन् महिने उभ्या मोटारीच्या टाकीत ते साठवून ठेवणे बरे नाही. म्हणजे ज्या मातीतल्या फिटरांनी हा रुसवा ओळखावयास शिकवले, त्याच मातीतल्या उसामुळे तो पुन्हा दारी आला आहे! उपाय अवघड नाही. इथेनॉल सोसणारा नवा पडदा आणि नव्या नळ्या घालाव्यात, नळी एक्झॉस्टपासून दूर वळवावी, पंप आणि इंजिन यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा शाबूत आहे ना ते पाहावे.

दुःख आहे ते दुसरेच. पॉइंटची फट नखाने अजमावणारे मिस्त्री आता थकले, त्यांची मुले संगणक जोडून दोष वाचणाऱ्या गॅरेजांत गेली. त्यांत गैर काही नाही. नव्या मोटारीला तेच हवे. पण आजोबांची मोटार तापल्यावर सुरू होत नाही, म्हणून आधी पंप बदलला, मग कॉइल, मग कार्बुरेटर, मग बॅटरी, आणि तरीही नाही म्हटल्यावर ती भंगारात गेली, असे घरोघरी होते. कधी कधी दोष असतो तो एका कंडेन्सरचा किंवा टाकीच्या झाकणाच्या बुजलेल्या छिद्राचा. दोष न शोधता भाग बदलत जाणे हे खर्चाचे तर आहेच, शिवाय त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

तेव्हा या सुट्टीत ज्यांच्या अंगणात जुनी मोटार उभी असेल त्यांनी घाट चढून पाहावा. ती रुसलीच, तर घरातल्या मुलांना बॉनेटपाशी बोलवावे आणि बॅटरी मरेपर्यंत सेल्फ न मारता हा तपास त्यांच्याकडूनच करून घ्यावा: आधी कान, मग डोळे, मग नाक. पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ फडके मात्र बरोबर असू द्यावे.